पाय कुणी बांधले होते?

भाचा चार वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. मी दारात चपला घालत होते आणि बहिणीला म्हटलं, जरा पाय मोकळे करून येते गं. हा जमिनीवर बसून गाड्यांची रांग लावत होता. त्याने मान वर केली, माझ्या पायांकडे नीट निरखून बघितलं आणि विचारलं, "मावशी, कुणी बांधले होते?"

आम्ही दोघी हसून हसून बेजार. तो आधी थोडा हसला, कारण आम्ही हसतोय म्हणून, मग थांबला, एकदा हिच्याकडे एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत गाड्यांकडे वळला. मी फिरून येईपर्यंत हे वाक्य घरच्या ग्रुपवर पडलेलं होतं, खाली हसून रडणाऱ्या तोंडांची रांग, त्याच्या गाड्यांपेक्षा लांब. त्याला उत्तर मात्र कुणीच दिलं नाही, मीसुद्धा नाही, आणि हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं गेली.

मला जे म्हणायचंय ते एवढंच की लहान मुलं जे बोलतात आणि आपण ज्याला "काय गंमत करतो हा" म्हणतो, ती बहुतेक वेळा गंमत नसतेच. तो त्यांनी डोकं लावून काढलेला निष्कर्ष असतो. आणि दुसऱ्याने मनापासून विचारलेली शंका आपण त्याला न विचारता, नाव चेहरा सगळ्यासकट, शेकडो लोकांच्या करमणुकीसाठी बाहेर टाकतो, ही सवय आता सोडायला पाहिजे. मला माहितीय हे वाचून निम्मे लोक म्हणतील, झालं, आता मुलांवर हसायचं पण नाही का. थांबा जरा, हसण्यावर मी येणारच आहे.

आधी हे सांगते की मुलं खरोखर गंमत करतात तेव्हा ती ओळखू येते. दोन-अडीच वर्षांचं पोर मुद्दाम बूट डोक्यावर ठेवतं, किंवा कुत्र्याला म्याऊ म्हणतं, आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतं, हसतायत का म्हणून. तीन-चार वर्षांची मुलं शी-शू हे शब्द कुठल्याही वाक्यात घुसवतात आणि स्वतःच लोळायला लागतात. तो विनोद त्यांचा असतो, त्याच्यावर मनसोक्त हसावं, नाही हसलात तर त्यांना राग येतो. पण "कुणी बांधले होते" म्हणताना भाच्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, पायांवर होती. एवढा फरक बघितला तरी अर्धं काम होतं.

आपली भाषा त्यांच्या कानाने ऐकून बघा ना एकदा. कुणाचा तरी डोळा लागतो, आणि त्यावर कुणीच औषध लावत नाही. घसा बसतो, पण कशावर बसला ते सांगत नाहीत. रात्री झोप उडाली म्हणतात आणि खिडकी तर बंद होती. पोटात कावळे ओरडतात. डोकं फिरतं पण तोंड पुढेच राहतं. माझ्या मैत्रिणीने तिच्या मुलाला दटावलं की कान उघडे ठेवून ऐक, तर तो म्हणे, "बंदच होत नाहीत, झाकण कुठेय?" आता यात चूक कुणाची सांगा. आपण हे शब्द इतके घासून वापरलेत की त्यांच्या आत काय आहे ते आपल्याला दिसतच नाही, त्याला मात्र अजून सगळं दिसतं. चक्रम आपली भाषा आहे, आणि हसतोय आपण त्याला.

व्याकरणाचंही तेच. "मी करलं", "बाबा येला", "ती घरी जाली" हे प्रत्येक मराठी घरात कधी ना कधी ऐकू येतं आणि सगळे हसतात. पण घरात कुणीही मोठं माणूस "करलं" म्हणत नाही, मग पोराने ते ऐकलं कुठे? कुठेच नाही ऐकलं. बसलं, हसलं, पळलं, पडलं यातून त्याने नियम स्वतः शोधून काढला आणि "कर"ला लावला. "केलं" हा आपला वाकडेपणा आहे, त्याचं गणित बरोबर होतं. मुलांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्या जीन बर्को या बाईंनी 1958 मध्ये हे फार सोप्या रीतीने दाखवलं होतं. त्यांनी चार ते सात वर्षांच्या मुलांना एक पक्ष्यासारखं चित्र दाखवलं, म्हणाल्या हा वग आहे, आता इथे असे दोन आहेत, तर हे दोन काय? वग असा शब्दच इंग्रजीत नव्हता, त्यामुळे तो आधी ऐकून पाठ केलेला असणं शक्यच नाही, तरी बहुतेक मुलांनी बरोबर अनेकवचन केलं. म्हणजे मुलं पोपट नाहीत, ती नियम काढतात. पुढे 1992 मध्ये काही अभ्यासकांनी 83 इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या, तर अनियमित क्रियापदांच्या भूतकाळात अशा "करलं" छापाच्या चुका साधारण अडीच टक्केच निघाल्या. बाकीच्या वेळी मुलं नीटच बोलत होती. पण नीट बोललेलं आपल्याला ऐकूच येत नाही ना, आपल्याला तेवढं "करलं" लक्षात राहतं आणि पाहुण्यांना सांगायला मिळतं.

"उद्या मी पडलो होतो ना" हे आणखी एक. काल आणि उद्या या वस्तू नाहीत, दाखवता येत नाहीत, आणि वर रोज सरकतात. ज्याला आपण आज उद्या म्हणतो त्याला परवा काल म्हणणार. तीन वर्षांच्या माणसाने ह्यात गोंधळ केला नसता तरच मला भीती वाटली असती. त्याला एवढं कळलंय की हा शब्द "आज नाही" असा आहे, आणि हे कळणं लहान नाही.

फोनवर आजोबांशी बोलताना मुलं मान डोलावतात, तिकडून आजोबा हॅलो हॅलो करतात, आपण मागून "अरे तोंडाने सांग" म्हणून हसत असतो. समोरच्याला आपल्याला दिसतं ते दिसत नाही, माहिती आहे ते माहिती नसतं, हे समजायला वेळ लागतो. विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांचा 1983 चा एक प्रयोग आहे. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते, आता मॅक्सी आल्यावर कुठे शोधेल? तीन-साडेतीन वर्षांची मुलं दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट आता तिथे आहे आणि जे त्यांना माहिती ते मॅक्सीला माहिती असणारच. चार-पाच वर्षांच्या पुढे हे बदलत जातं. दारात उभं राहून "आई म्हणाली सांग आई घरात नाहीये" असं सांगणारं पोर आपल्याला तोंडघशी पाडायला निघालेलं नसतं. खोटं बोलायचं म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात काय आहे आणि काय नको यायला ते सांभाळायचं, ते कौशल्य त्याच्याकडे अजून आलेलं नाही. खोटं आपलं होतं, त्याने प्रामाणिकपणे पोचवलं. (आणि मग आपणच त्याला सगळ्यांसमोर "वेडा आहे तो" म्हणतो, हे तर मला फारच अन्यायाचं वाटतं.)

आता जिथे कुणी हसत नाही असं एक सांगते.

माझे सासरे गेले तेव्हा लेक साडेतीन वर्षांची होती. आम्ही तिला सांगितलं, आजोबा गेले. ती दारापर्यंत जाऊन परत आली आणि म्हणाली, "नाही गेले. चप्पल इथेच आहे."

घरात वीस माणसं होती, एक शब्द कुणाच्या तोंडून फुटला नाही. हे वाक्य आणि "कुणी बांधले होते" हे वाक्य, दोन्ही एकाच यंत्रातून निघालेत बघा. मोठ्या माणसाने शब्द वापरला, मुलाने तो शब्दशः घेतला, पुरावा तपासला, पुराव्याशी जुळत नाही म्हणून सांगितलं. एकाला आपण ग्रुपवर टाकतो आणि दुसऱ्याला तोंड फिरवून डोळे पुसतो. मुलाच्या बाजूने दोन्ही सारखेच गंभीर होते. आता मला ते गोड-गोड फॉरवर्ड वाचताना थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण प्रत्येकाच्या मागे एक पोर उभं असतं जे उत्तराची वाट बघतंय.

तर मग हसायचं की नाही? हसायचं हो. हसू येतं त्याला काय करणार, आणि घरातल्या घरात प्रेमाने आलेलं हसू मुलालाही कळतं. पण हसून झाल्यावर उत्तर द्यायचं. "कुणी नाही बांधले रे, खूप वेळ बसलं की पाय आखडतात, चाललं की बरं वाटतं, त्याला असं म्हणतात." वीस सेकंद लागतात. आणि त्याच्याही आधी, जमलं तर, एकदा विचारायचं की तुला असं का वाटलं. 1920 च्या आसपास पियाजे नावाचा मानसशास्त्रज्ञ पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांवर काम करत होता, काम होतं बरोबर उत्तरं मोजायचं, आणि याला चुकलेल्या उत्तरांतच जास्त रस वाटायला लागला, की हे पोर इथपर्यंत पोचलं कसं. पुढे तो मुलांना सूर्य-चंद्र-ढग यांच्याबद्दल विचारत बसायचा, मुलं सांगायची की आम्ही चाललो की चंद्र पण चालतो, आणि हा पुढचा प्रश्न विचारायचा, मग तुझा मित्र उलट्या दिशेने गेला तर चंद्र कुणाबरोबर जाईल? त्याचे सगळेच निष्कर्ष आज कुणी जसेच्या तसे धरत नाही, पण तो पुढचा प्रश्न विचारायची रीत मला घरात वापरण्यासारखी वाटते. करून बघा, मूळ वाक्यापेक्षा कितीतरी भारी काहीतरी हाती लागतं.

माझा आक्षेप आहे तो पुढच्या पायऱ्यांना. पहिली पायरी म्हणजे "सांग ना, काल काय म्हणालास, काकूंना सांग." पोराला कळत नाही त्यात काय होतं, पण टाळी मिळते म्हणून ते पाठ करून म्हणतं. आता तो प्रश्न राहिला नाही, खेळ झाला. दुसरी पायरी म्हणजे मोबाईल समोर धरून मुद्दाम खोचक प्रश्न विचारायचे, आई आवडते की बाबा, भावाला कुणाला देऊन टाकू का, आणि पोर गोंधळलं, रडवेलं झालं की तेच रील. त्यात मूल काही मजेशीर बोललं असं नसतं, त्याला कोंडीत पकडलेलं असतं. तिसरी म्हणजे नाव, चेहरा, गणवेश, घराचा दरवाजा, सगळ्यासकट ते जगाला वाटून टाकणं. तिथून परत बोलावता येत नाही. ग्रुपमधल्या एका मामाने दुसऱ्या ग्रुपवर टाकलं की संपलं, तुम्ही डिलीट करून काय उपयोग.

हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाहीये, मी स्वतः केलेलं आहे. लेकीने पाचव्या वर्षी तिच्या बाईंबद्दल एक अचाट प्रश्न विचारला होता, मी तो स्टेटसला लावला, धो धो प्रतिक्रिया, मी खूश. दीड वर्षाने एका घरगुती कार्यक्रमात लांबच्या नात्यातल्या एका काकांनी तिला बघितल्या बघितल्या तेच वाक्य तिच्याच आवाजाची नक्कल करत म्हणून दाखवलं. तिला ते आठवतही नव्हतं. ती माझ्याकडे बघायला लागली, की हे यांना कसं माहिती. नंतर बरेच महिने ती काही विचारायच्या आधी म्हणायची, "कुणाला सांगणार नाहीस ना?" सहा वर्षांच्या पोरीने आईला प्रश्न विचारताना ही अट घालावी, मला आजही ते नीट पचलेलं नाही. आणि मी तर असल्या गोष्टी हौसेने नोंदवणारी आई होते, वाईट हेतू वगैरे काही नव्हता, हेतू कुणाचाच वाईट नसतो.

यावर लोकांचं म्हणणं काय असतं तर, आमच्या लहानपणीही आत्या-मामा चिडवायचेच, त्यात काय एवढं. चिडवायचे, खरंय, मला अजून चिडवतात. पण ते वीस-पंचवीस माणसांत राहायचं, त्या माणसांनी मला उचलून घेतलेलं असायचं, आणि मीही त्यांची गुपितं सांगून परतफेड करू शकायचे. अनोळखी माणसाशी परतफेड कशी करणार? दुसरं म्हणणं, आठवणी जपायला नकोत का. हे मात्र मला शंभर टक्के पटतं, उलट मी म्हणेन जपायलाच पाहिजेत. आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं स्वतःचं काही आठवत नाही, बहुतेक सगळ्यांचंच तसं असतं. म्हणजे त्या वयात त्याने जे जे विचारलं, जे शोध लावले, ते त्याच्याजवळ राहणारच नाहीत, तुम्ही लिहून ठेवलं तरच राहतील. म्हणून तर ते नीट लिहायला हवं, आधी काय झालं, तो काय म्हणाला, त्याला काय वाटत होतं. नुसती टाळीची ओळ ठेवून बाकीचं गाळून टाकलं तर त्याचं बालपण म्हणून त्याच्या हातात काय येणार, एक चुटका.

लिहून ठेवण्याची परंपरा तशी चांगली जुनी आहे. डार्विनचा पहिला मुलगा 1839 च्या डिसेंबरात जन्मला, आणि हा गृहस्थ बेडूक-किड्यांच्या निरीक्षणासारखाच मुलाच्या पाळण्यापाशी वही घेऊन बसला. बरोबर एक वर्षाचा असताना त्या मुलाने खाण्यासाठी "मम" असा शब्द स्वतःच बनवला. पुढे साखर म्हणजे "शू-मम", आणि काळा हा शब्द शिकल्यावर ज्येष्ठमध म्हणजे "ब्लॅक-शू-मम". एवढंसं पोर, शब्दाला शब्द जोडून नवीन शब्द करतंय, आपल्या समासांसारखं! पण मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. डार्विनने हे छापलं ते 1877 मध्ये, तेही तेन नावाच्या फ्रेंच लेखकाचा आपल्या मुलीबद्दलचा लेख वाचून, तेव्हा कुठे ही जुनी वही बाहेर काढली. तोवर मुलगा 37 वर्षांचा बाप्या झालेला होता. सदतीस वर्षं! आपल्याला सदतीस मिनिटं दम निघत नाही. रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात हार्वर्डमधून तीन मुलांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं टिपलं, भाषेच्या अभ्यासात ती मुलं ॲडम, ईव्ह आणि सारा म्हणून प्रसिद्ध आहेत, पण ती टोपणनावं आहेत. जगाला त्यांच्या वाक्यांचा उपयोग झाला आणि मुलं कोण ते सांगायची गरज पडली नाही. मग आपल्यालाच पोराचं पूर्ण नाव आणि शाळा लिहायची काय घाई असते कळत नाही.

कायदाही हळूहळू इकडे वळतोय. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात सोळाव्या कलमात मुलाच्या खासगीपणाबद्दल आणि त्याच्या अब्रूबद्दल लिहिलंय, बाराव्यात त्याच्याशी संबंधित गोष्टीत त्याचं मत ऐकण्याबद्दल. फ्रान्सने तर फेब्रुवारी 2024 मध्ये खास कायदा केला, की मुलाच्या छायाचित्रावरचा हक्क आई-बापांनी दोघांनी मिळून सांभाळायचा, मुलाच्या वयाप्रमाणे त्यालाही त्यात घ्यायचं, आणि दोघांचं पटलं नाही तर न्यायाधीश एकाला टाकायला मनाई करू शकतो. पण खरं सांगू का, कायद्याने हे सुटेल असं मला वाटत नाही. कायदा परक्यांपासून वाचवायला बरा असतो. इथे टाकणारी आई आहे, आजी आहे, लाडानेच टाकतेय, तिच्यावर कोण तक्रार करणार, तीन वर्षांचं पोर? हे घरातल्या घरातच ठरायला हवं, जेवताना मोबाईल नको हे जसं काही घरांनी ठरवलंय तसं.

मग वाटायचंच नाही का काही? नाव न घेता, चेहरा न दाखवता, कुणाच्या घरचं ते कळणार नाही असं सांगितलं तर माझी हरकत नाही, मी या लेखात तेच केलंय. मुलाच्या शरीराबद्दल, भीतीबद्दल, शी-शूबद्दल, आई-बापांच्या भांडणाबद्दल त्याने जे म्हटलं ते कितीही मजेशीर असलं तरी वहीतच. आणि सहा-सात वर्षांच्या पुढे सरळ विचारायचं. मुलं नाही म्हणतात, आणि कधीकधी इतक्या सहज हो म्हणतात की आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

आमच्याकडे आता एक जाडी वही आहे, लेक अकरा वर्षांची आहे, वही कुठे असते तिला माहिती आहे. मधेच काढून वाचत बसते आणि "हे मी नाहीच म्हणालेय" म्हणून वाद घालते. भाचा आता नऊ वर्षांचा, त्याला पाय मोकळे करण्याची गोष्ट फार आवडते, तो स्वतःच सगळ्यांना सांगतो आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी वाढवतो, परवा त्यात दोरी आली होती.

हा लेख लिहून झाल्यावर मी लेकीला वाचून दाखवला. बाईंबद्दलचा तो प्रश्न आधी मी पूर्ण लिहिला होता, तो तिने काढायला लावला, म्हणून वर नुसतं "अचाट प्रश्न" एवढंच आहे. आणखी एक वाक्य होतं, तेही काढायला सांगितलं, का ते सांगितलं नाही. मला ते सगळ्यात जास्त आवडायचं. चपलेचं ऐकताना ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ते असू दे."